सूर्य मावळल्यानंतरच्या विजेचा हिशेब

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ मधील राष्ट्रीय वीज आराखड्यातले दोन आकडे शेजारी ठेवले, तर कोणीही चक्रावून जाईल. २०३१-३२ मध्ये देशाची विजेची कमाल मागणी सुमारे ३६६ गिगावॉट असेल, असा त्यातला अंदाज आहे. (एक गिगावॉट म्हणजे एक हजार मेगावॉट.) आणि ती भागवण्यासाठी उभारायची क्षमता किती? सुमारे ९०० गिगावॉट! गरज तीनशे सहासष्टची आणि तयारी नऊशेची. घरात चार माणसे असताना दहा माणसांचा स्वयंपाक मांडण्यासारखेच हे झाले.

ही उधळपट्टी नाही. या ९०० पैकी सुमारे ३६५ गिगावॉट सौर आणि १२२ गिगावॉट पवन वीज असेल, असे आराखडा सांगतो. सूर्य संध्याकाळी मावळतो आणि वारा आपल्या लहरीने वाहतो. त्यामुळे कागदावरची क्षमता आणि संध्याकाळी साडेसातला हाताशी असलेली वीज या दोन वेगळ्या गोष्टी होतात. त्या दोन्हींमधले अंतर कसे भरायचे, हा आज वीज नियोजनातला सर्वांत अवघड प्रश्न आहे.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाला तसे वाटत नाही. नवजात शिशूंच्या विभागातले वॉर्मर, अतिदक्षता विभागातले व्हेंटिलेटर, रक्तपेढीचे फ्रिज, डायलिसिसची यंत्रे, शस्त्रक्रियागृहातले दिवे हे सारे त्याच तारेवर चालते. रुग्णालयाला जनरेटर असतो. पण घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या आजोबांना तो नसतो. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या २०२३ च्या अहवालानुसार, गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत जवळपास १०० कोटी लोक अशा आरोग्य केंद्रांवर अवलंबून आहेत, जिथे विजेची खात्री नाही किंवा वीजच नाही. तेव्हा विजेचे नियोजन हे आरोग्याचेही नियोजन आहे.

सरासरी फसवते कशी?

नदीची सरासरी खोली चार फूट आहे म्हणून पाच फुटी माणूस पाण्यात उतरला आणि मधल्या डोहात बुडाला, ही गोष्ट आपण ऐकलेली आहे. सौर विजेचे तसेच आहे. सौर प्रकल्प वर्षभरात आपल्या पूर्ण क्षमतेच्या साधारण पाचवा हिस्सा वीज देतो. पण ही सरासरी झाली. दुपारी बारा वाजता तो भरभरून देतो आणि रात्री आठला शून्य. नियोजन करायचे असते ते डोहाचे, सरासरीचे नव्हे.

सूर्य मावळणार, ही तशी अनिश्चितता नाही. ते तर पंचांगातही छापलेले असते. खरी अनिश्चितता तीन थरांची आहे. पहिला थर तासांचा. ढग आले, वारा पडला, तर पुढच्या दोन तासांत किती वीज कमी होईल? हवामानाचे अंदाज सुधारले आहेत, पण चुका होतातच. दुसरा थर ऋतूंचा. महाराष्ट्रात वाऱ्याची वीज मुख्यतः पावसाळ्याच्या महिन्यांत मिळते, म्हणजे नेमकी ऊन कमी असते तेव्हा. ही निसर्गाची कृपा. पण पाऊसच रुसला तर? २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. धरणांत पाणी कमी आले, म्हणून जलविद्युत कमी झाली. त्याच वेळी पिके वाचवण्यासाठी पंप सुरू झाले, उकाडा वाढला आणि १ सप्टेंबरला देशाची मागणी सुमारे २४० गिगावॉटवर गेली. पुरवठा घटायला आणि मागणी वाढायला कारण एकच : पावसाने दिलेली ओढ.

डॉक्टरांना हा प्रकार ओळखीचा आहे. मधुमेह, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार एकेकटे येत नाहीत, हातात हात घालून येतात. प्रत्येकाचा धोका सुटा मोजून बेरीज केली, तर रुग्णाची खरी अवस्था कळत नाही. विजेच्या नियोजनातही ऊन, वारा, पाऊस आणि मागणी यांची सोबत मोजावी लागते.

तिसरा थर वर्षांचा. दहा वर्षांनी किती घरांत एसी असतील? किती गाड्या विजेवर धावतील? बॅटरी किती स्वस्त झालेली असेल? औष्णिक केंद्र उभे राहायला पाच-सहा वर्षे लागतात आणि मग ते २५ ते ४० वर्षे चालवावे लागते. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. पण त्याची वीज वाहून नेणारी उच्चदाबाची वाहिनी त्याहून जास्त वेळ घेते. म्हणजे आजचा निर्णय आज न दिसणाऱ्या भविष्यासाठी घ्यायचा असतो.

महाराष्ट्राने दोन्ही टोके पाहिली आहेत

अंदाज चुकला की काय होते, हे मराठी वाचकाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. दाभोळ प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे, असा करार होता. इंधन महागले, विजेचा दर परवडेना, वाद झाला आणि २००१ मध्ये केंद्र बंद पडले. ही झाली नको तितकी महाग बांधिलकी. त्यानंतर काही वर्षांतच उलटे टोक आले. नवी क्षमता वेळेत उभी राहिली नाही आणि राज्याने भारनियमनाचा काळ पाहिला. खेड्यांत दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसे. परीक्षेचा अभ्यास कंदिलावर, दळण रात्री दोन वाजता आणि आरोग्य केंद्रातली बाळंतपणे टॉर्चच्या उजेडात, हे अनेकांना आठवत असेल.

जास्त उभारले तर बिल वाढते, कमी उभारले तर अंधार होतो. दोन्हींची किंमत सारखी नसते आणि ती एकाच माणसाला भरावी लागत नाही. महागड्या विजेचे ओझे सर्वांच्या बिलांत विभागले जाते. अंधाराचे ओझे मात्र बहुधा गावाच्या शेवटच्या डीपीवरच्या लोकांवर पडते. म्हणूनच नियोजन हा निव्वळ अभियंत्यांचा मामला राहत नाही. कोणी किती धोका सोसायचा, हे त्यात ठरत असते.

'तापाचा रुग्ण' आणि पश्चात्तापाचे गणित

पावसाळ्यात ओपीडीत तापाचे शंभर रुग्ण येतात. त्यांतल्या काहींना डेंग्यू असतो, त्यांतले थोडे गंभीर होतात. कोण, हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही. सगळ्यांना दाखल केले तर खाटा संपतील आणि खऱ्या गरजूला जागा उरणार नाही. सगळ्यांना गोळ्या देऊन घरी पाठवले तर एखादा दगावेल. मग आपण काय करतो? रक्त तपासतो, भरपूर पाणी प्यायला सांगतो, पोटात सतत दुखणे, उलट्या, रक्तस्राव, सुस्ती अशी धोक्याची लक्षणे समजावतो आणि म्हणतो, "उद्या परत या." आज लागेल तेवढाच निर्णय आज, बाकीचा उद्याच्या माहितीवर. मात्र उद्याची खाट तयार ठेवायची.

वीज नियोजनाचे आधुनिक गणित नेमके हेच करते. एका अंदाजावर सगळी भिस्त न ठेवता अनेक संभाव्य भविष्ये मांडायची. कोणते निर्णय आजच घ्यावे लागतील आणि कोणते थांबून घेता येतील, याची विभागणी करायची.

एक कल्पित उदाहरण पाहू. समजा, एका शहराला पाच वर्षांनी संध्याकाळच्या वेळी एकतर थोडीच वाढीव वीज लागेल किंवा पुष्कळ लागेल. नक्की माहीत नाही. तीन पर्याय आहेत. पहिला : आजच मोठे औष्णिक केंद्र बांधणे. मागणी कमी असो वा जास्त, खर्च १०० कोटी. दुसरा : काहीच न बांधता गरजेला बाजारातून वीज घेणे. मागणी कमी राहिली तर खर्च ४० कोटी. वाढली तर महाग वीज आणि भारनियमनाचे नुकसान धरून २२० कोटी. तिसरा : आज थोडी सौर वीज आणि बॅटरी उभारणे, पुढच्या टप्प्यासाठी जमीन आणि वाहिनी तयार ठेवणे आणि तीन वर्षांनी मागणी पाहून पुढे जाणे. खर्च अनुक्रमे ६० किंवा १२० कोटी.

आता प्रत्येक पर्यायाचा 'पश्चात्ताप' मोजा, म्हणजे भविष्य आधी कळले असते तर किती वाचले असते ते. मागणी कमी राहिली तर सर्वांत स्वस्त मार्ग ४० कोटींचा. तेव्हा पहिल्या पर्यायाचा पश्चात्ताप ६०, तिसऱ्याचा २०. मागणी वाढली तर सर्वांत स्वस्त मार्ग १०० कोटींचा. तेव्हा दुसऱ्याचा पश्चात्ताप १२०, तिसऱ्याचा पुन्हा २०. तिसरा पर्याय कोणत्याच भविष्यात पहिला येत नाही. पण तो कुठेही दगा देत नाही. ज्याला भविष्य माहीत नाही, त्याने परीक्षेत पहिले येण्यापेक्षा नापास न होण्याला महत्त्व द्यावे, हा या गणिताचा सारांश.

अर्थात, धोका शून्य करता येत नाही. राष्ट्रीय आराखड्यात मागणी पूर्ण न होण्याची शक्यता ०.२ टक्क्यांपर्यंत मान्य धरलेली आहे. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी हे साधारण साडेसतरा तास होतात. हा आकडा आणखी खाली आणता येईल, पण शेवटचा प्रत्येक तास वाचवण्याचा खर्च चढत जातो. ते साडेसतरा तास मे महिन्यातल्या रात्री एकाच वस्तीच्या वाट्याला येऊ नयेत, हे पाहणे मात्र समाजाचे काम.

अनिश्चिततेवर चार औषधे

पहिले औषध साठवण. दिवसाची जादा वीज बॅटरीत भरून संध्याकाळी वापरायची. दुसरा मार्ग उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा : वीज मुबलक असताना खालच्या धरणातले पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज घ्यायची. चार युनिट खर्चून साधारण तीन युनिट परत मिळतात, पण ती हव्या त्या वेळी मिळतात. सह्याद्रीच्या कड्यावरचा २५० मेगावॉटचा घाटघर प्रकल्प असाच आहे. तो २००८ मध्ये सुरू झाला. २०३१-३२ पर्यंत देशाला सुमारे ४७ गिगावॉट बॅटऱ्या आणि २७ गिगावॉट उदंचन प्रकल्प लागतील, असे आराखडा म्हणतो.

दुसरे औषध चपळता. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. नऊ वाजता नऊ मिनिटांसाठी देशाने दिवे मालवले. मागणी बारा-चौदा हजार मेगावॉटने घटेल, असा अंदाज होता. ती ३१ हजार मेगावॉटच्या आसपास घटली. तरीही यंत्रणा कोलमडली नाही. कारण, जलविद्युत केंद्रे काही मिनिटांत खाली आणि पुन्हा वर नेता आली. कोळशाचे केंद्र इतक्या लवकर वळत नाही. आपल्याकडे १,९६० मेगावॉटचे कोयना म्हणूनच मोलाचे आहे. मात्र वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. त्यामुळे ते पाणी दुपारी खर्चायचे की संध्याकाळसाठी राखायचे, हा रोजचा हिशेब असतो. रक्तपेढीत 'ओ निगेटिव्ह'च्या पिशव्या जपून वापराव्यात, तसा.

तिसरे औषध जोडणी. एका जिल्ह्यावर ढग असतील तेव्हा शेकडो किलोमीटरवर राजस्थानात ऊन असते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि सारा देश एका लयीत आला. जोडणीचे दुसरे अंगही आहे. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्येची जाळी एकापाठोपाठ कोसळली आणि ६० कोटींहून अधिक लोकांच्या भागांत वीज गेली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, करोनाच्या ऐन काळात, बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्यांतल्या बिघाडाने मुंबईची वीज गेली आणि लोकल थांबल्या. म्हणून वीजकेंद्रांइतकेच नियोजन वाहिन्यांचेही करावे लागते.

चौथे औषध मला सर्वांत जवळचे वाटते : मागणीच उन्हाकडे सरकवणे.

रात्रीचे पाणी आणि सर्पदंश

पावसाळा सुरू झाला की ग्रामीण भागातल्या रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. त्यांची हकिगत अनेकदा एकसारखी असते : रात्री मोटार सुरू करायला किंवा बारे द्यायला शेतात गेलो आणि पायाला काहीतरी चावले. घोणस रात्री फिरते, फुरसे गवतात दिसत नाही. शेतीपंपांना थ्री फेज वीज आलटून-पालटून दिवसा आणि रात्री मिळत असल्याने शेतकऱ्याला अंधारात बांधावर जाणे भाग पडते. एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचे मांडले आहे. हे सगळे रात्रीच्या पाण्यामुळे झाले असे नाही. पण रात्री शेतात जावे लागणे हा टाळता येण्यासारखा धोका आहे. त्यात आता अनेक तालुक्यांत बिबट्याची भर पडली आहे.

राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची आहे. वीज नियोजनाच्या भाषेत हे 'मागणी सरकवणे'. दुपारची जादा सौर वीज वापरली जाते, संध्याकाळचा ताण हलका होतो, बॅटरी कमी लागते. आरोग्याच्या भाषेत, शेतकरी रात्री घरी झोपतो. एकाच औषधाने दोन आजार बरे होण्याचे भाग्य वैद्यकात फार क्वचित लाभते. दिवसाची ही वीज प्रत्येक वाहिनीवर खरोखर पूर्ण दाबाने आणि ठरलेले तास मिळते का, हे मात्र सतत तपासत राहायला हवे.

टेक्सासचा धडा

नवी ऊर्जा बेभरवशाची आणि जुनी भरवशाची, असाही एक समज आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात कडाक्याची थंडी पडली. पवनचक्क्या गोठल्या हे खरे, पण सर्वांत मोठी तूट नैसर्गिक वायूच्या केंद्रांत आली. कोळशाची आणि अणुविजेची केंद्रेही सुटली नाहीत. यंत्रणा वाचवण्यासाठी सुमारे २० हजार मेगावॉटची मागणी तोडावी लागली. राज्याच्या आरोग्य विभागाने २४६ मृत्यू नोंदवले. त्यांतले बहुसंख्य शरीर गारठून झाले. काही जण ऊब मिळवण्याच्या नादात कार्बन मोनॉक्साइडने गेले. चूक एका इंधनाची नव्हती. 'इतकी थंडी आपल्याकडे पडत नाही' हे गृहीतक चुकले होते.

आपले संकट उलट्या दिशेचे असेल. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॉटवर गेली. ती दुपारची वेळ होती आणि सूर्य मदतीला होता. काळजी आहे ती त्यानंतरच्या रात्रींची. उष्माघाताला दिवसाचे ऊन जबाबदार धरले जाते. पण रात्रही तापलेली राहिली तर शरीराला सावरायला उसंत मिळत नाही. हृदयावर ताण येतो, वृद्ध आणि तान्ही मुले आधी कोलमडतात. पत्र्याच्या घरात रात्री दहा वाजता पंखा बंद पडणे ही निव्वळ गैरसोय नसते. तेव्हा 'उन्हाळ्यातली उष्ण रात्र' ही परिस्थिती नियोजनकर्त्यांच्या यादीत वर असायला हवी.

आपण काय करायचे?

काही गोष्टी घरच्या आहेत. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर भरलेला सिलिंडर जवळ ठेवावा आणि तो कसा लावायचा, हे घरातल्या दोघांना तरी यावे. वीज गेली म्हणून इन्सुलिन फेकू नये. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे थंड, सावलीच्या जागी टिकते. खेड्यात ओल्या वाळूवरचे मडके या कामी येते. मात्र बर्फात ठेवून ते गोठवू नये. जनरेटर किंवा शेगडी बंद खोलीत कधीही लावू नये. आरोग्य केंद्रातला लसींचा आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर दिवसात आठ तास वीज मिळाली तरी लसी २ ते ८ अंशांत राखतो. मात्र त्याचे झाकण सारखे उघडता कामा नये. आरोग्य केंद्राच्या छतावर सौर पॅनेल आणि बॅटरी असेल, तर साध्या वीजखंडात बाळंतपण अडत नाही. छत्तीसगडने शेकडो केंद्रांवर हे करून दाखवले आहे.

काही गोष्टी सार्वजनिक आहेत. कपडे धुणे, पाण्याची टाकी भरणे, इस्त्री ही कामे दुपारी उरकली तर संध्याकाळचा ताण कमी होतो. दिवसाच्या स्वस्त विजेचे दर त्यासाठीच येत आहेत. वीज नियामक आयोग दर ठरवताना जनतेच्या हरकती आणि सूचना मागवतो. तिथे उद्योगांचे प्रतिनिधी येतात, शेतकरी संघटना येतात; रुग्णालयांचा आणि रुग्णांचा आवाज फारसा ऐकू येत नाही. भारनियमन करावेच लागले तर कोणती वाहिनी आधी बंद होणार, तिच्यावर रुग्णालय, डायलिसिस केंद्र किंवा पाणीपुरवठ्याचा पंप आहे का, हे आधीच ठरलेले आणि जाहीर असावे. असा प्रश्न विचारायला अभियंता असावे लागत नाही. पुढच्या सुनावणीची नोटीस वर्तमानपत्रात आली, की आपल्या गावच्या आरोग्य केंद्राच्या वतीने एक पानभर पत्र जरूर पाठवा.